घामाचा वेग (लांब पल्ल्याची धाव)

धावपटूच्या अंगातून तासाभरात जितका घाम जातो, त्याला घामाचा वेग म्हणतात. बहुतेकांचा तो ताशी ०.५ ते २ लिटर असतो. १९८४ च्या ऑलिंपिकच्या तयारीत अमेरिकेचा मॅरेथॉनपटू अल्बर्टो सालाझार याचा वेग मात्र ताशी सुमारे ३.७ लिटर भरला होता. माणसामाणसांत एवढा फरक असताना ‘दर वीस मिनिटांनी एक पेला’ असा सरसकट सल्ला देणे योग्य नाही.

धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जातो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी जाते आणि गारवाही मिळत नाही. रक्तातले पाणी घटले की हृदयाचे ठोके वाढतात. सलग १०-१४ दिवस उन्हात सराव केला, तर घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते.

आपला वेग घरच्या वजनकाट्यावरही काढता येतो. धावण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. परतल्यावर अंग पुसून पुन्हा करावे. समजा, दीड तासात वजन ६२ वरून ६०.९ किलोवर आले आणि वाटेत ४०० मिलिलिटर पाणी प्यायले. १.१ अधिक ०.४ म्हणजे दीड लिटर, अर्थात ताशी एक लिटर. मधे लघवी झाली असल्यास तेवढी वजा करावी. थंडीतला आकडा उन्हाळ्यात चालत नाही, म्हणून मोजणी ऋतूनुसार पुन्हा करावी.

मात्र गेलेला सगळा घाम धावतानाच भरून काढायचा नसतो. वजनात दोन टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना सोसते; तहान लागेल तसे प्यायले तरी पुरते. खरा धोका अतिपाण्याचा आहे आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. जास्त पाण्याने रक्तातले सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, पातळ होते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवणाऱ्या ४८८ जणांचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी, म्हणजे लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याखाली निघाले. शर्यतीत वजन वाढलेल्यांत हे प्रमाण जास्त होते. सोडियम फार घटले, तर मेंदूला सूज येऊ शकते. डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपणा आणि झटकेही येतात. ही लक्षणे दिसल्यावर आणखी पाणी पाजणे घातक ठरते. तातडीने वैद्यकीय मदत लागते. खेळाडूंसाठीची क्षारयुक्त पेयेही यातून वाचवत नाहीत, कारण त्यांतले सोडियम रक्तातल्यापेक्षा खूपच कमी असते.