आरोग्य विमा बाजार (अमेरिका)

आरोग्य विमा बाजार : अमेरिकेत ज्यांना नोकरीतून किंवा सरकारी योजनेतून आरोग्य विमा मिळत नाही, त्यांना तो स्वतः विकत घेता यावा म्हणून कायद्याने उभी केलेली व्यवस्था. तिथे तिला ‘मार्केटप्लेस’ किंवा ‘एक्स्चेंज’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात सर्रास ‘ओबामाकेअर’. विमा सरकारी नसतो, खासगी कंपन्यांचाच असतो. सरकार नियम घालून देते, योजना एका जागी मांडते, अर्जदाराचे उत्पन्न तपासते आणि पात्र कुटुंबाच्या हप्त्याचा काही भाग स्वतः भरते. ही मदत आयकराच्या वाटेने येते आणि लोकांची फसगत बहुतेक वेळा तिथेच होते. त्यामुळे योजनांची तुलना करण्याआधी आपल्या उत्पन्नाचा हिशेब नीट मांडणे हेच इथले खरे काम आहे.

अमेरिकेत विमा नोकरीला बांधला गेला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. पगारवाढीवर सरकारी बंधने होती, तेव्हा मालकांनी विम्याचे आमिष दाखवून माणसे मिळवली. पुढे त्या रकमेवर करमाफी मिळाली आणि प्रथा पक्की झाली. १९६५ मध्ये ६५ वर्षांवरील लोकांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आले. या सगळ्यांच्या मधल्या फटीत बरीच माणसे उरली: छोटे दुकानदार, टॅक्सीवाले, कंत्राटी कामगार, दोन नोकऱ्यांच्या मध्ये सापडलेले, साठीत निवृत्त झालेले. २०१४ पूर्वी यांतला कोणी विमा घ्यायला गेला की बहुतेक राज्यांत कंपनी आधी त्याचे आजारपण विचारत असे. मधुमेह, पूर्वी झालेला कर्करोग, चालू गरोदरपण, कशावरूनही अर्ज फेटाळता येई. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त हप्ता लावणेही अनेक राज्यांत कायदेशीर होते. ज्याला विम्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो नाकारला जात होता.

हे बदलण्याचा पहिला मोठा प्रयोग २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात, मिट रॉम्नी गव्हर्नर असताना झाला. त्याच धर्तीवरच्या राष्ट्रीय कायद्यावर बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी सही केली. बाजार १ ऑक्टोबर २०१३ ला उघडला आणि केंद्राचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले. ते धड चालायला दोन महिने गेले. प्रत्यक्ष विमा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. कायदा तीनदा सर्वोच्च न्यायालयात जाऊन (२०१२, २०१५, २०२१) टिकला. २०१२ च्या निकालाने मात्र त्याचा एक पाय लुळा केला. गरिबांसाठीचे मेडिकेड वाढवणे राज्यांच्या मर्जीवर सोडले गेले. ४० राज्यांनी ते वाढवले, टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया अशा दहा राज्यांनी नाही. या दहांपैकी बहुतेक राज्यांत दारिद्र्यरेषेखालच्या अनेक धडधाकट प्रौढांना मेडिकेडही नाही आणि बाजारातली मदतही नाही. थोडी जास्त कमाई असलेल्या शेजाऱ्याला मदत मिळते आणि यांना मिळत नाही. या व्यवस्थेतला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

बाजारात आज विकल्या जाणाऱ्या प्रत्येक योजनेला काही अटी पाळाव्याच लागतात. आजारपणावरून कोणाला नाकारता येत नाही की जास्त हप्ता लावता येत नाही. हप्ता ठरतो तो वय, राहण्याचे ठिकाण, तंबाखूचे सेवन आणि विम्यात किती माणसे आहेत यावरून. वयाचा फरकही बांधलेला आहे: ६४ वर्षांच्या माणसाला २१ वर्षांच्या माणसाच्या तिपटीहून अधिक लावता येत नाही. न्यूयॉर्क आणि व्हर्मांट या राज्यांत तर प्रौढांमध्ये वयावरून फरकच करत नाहीत. इस्पितळ, बाळंतपण, औषधे, मानसिक आजार, तातडीचे उपचार अशा दहा प्रकारच्या सेवा प्रत्येक योजनेत असाव्याच लागतात. त्या सेवांवर किती खर्च करू याची वार्षिक किंवा आयुष्यभराची कमाल मर्यादा कंपनीला घालता येत नाही. विमा न घेणाऱ्याला केंद्राचा दंड होता, तो २०१९ पासून शून्यावर आला. पण कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांनी आपापला दंड ठेवला आहे. मराठी वस्ती भरपूर असलेल्या न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियाच्या बे एरियात हे ठाऊक असलेले बरे, कारण तो दंड राज्याच्या आयकर विवरणपत्रात निघतो.

काही राज्ये आपला बाजार स्वतः चालवतात. कॅलिफोर्नियात त्याचे नाव ‘कव्हर्ड कॅलिफोर्निया’, पेनसिल्व्हेनियात ‘पेनी’, न्यू जर्सीत ‘गेट कव्हर्ड न्यू जर्सी’. टेक्सास, फ्लोरिडासह बाकीच्या राज्यांतले लोक केंद्राचे संकेतस्थळ वापरतात. २०२५ साठी देशभरात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांनी बाजारातून विमा घेतला.

योजनांना धातूंची नावे दिली आहेत: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. यावरून डॉक्टर किंवा इस्पितळाचा दर्जा कळत नाही. फक्त खर्चाची वाटणी कळते. सरासरीने पाहता ब्राँझमध्ये कंपनी उपचारखर्चाचा साधारण ६० टक्के भार उचलते, सिल्व्हरमध्ये ७०, गोल्डमध्ये ८०, प्लॅटिनममध्ये ९०. उरलेला भार रुग्णावर पडतो, कधी ‘डिडक्टिबल’ म्हणून (म्हणजे विमा बहुतेक उपचारांचे पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम), कधी प्रत्येक भेटीला भरायच्या ठरावीक रकमेच्या, म्हणजे ‘को-पे’च्या रूपात. वर्षभरात रुग्णाने खिशातून किती भरायचे याला कायद्याने कमाल मर्यादा आहे. २०२६ साठी ती एका माणसाला साडेदहा हजार डॉलरांच्या थोडी वर आहे. ब्राँझचा हप्ता पाहून खूश होणाऱ्याने हा आकडा वाचल्याशिवाय सही करू नये. शिवाय आपला डॉक्टर, आपले इस्पितळ आणि रोजच्या गोळ्या त्या योजनेच्या ‘नेटवर्क’मध्ये (कंपनीने करार केलेल्या डॉक्टर-इस्पितळांच्या जाळ्यात) व औषधांच्या यादीत आहेत का, हे प्रत्येक योजनेपुढे तपासावे लागते. जाळ्याबाहेरच्या ठरलेल्या उपचारांचे बिल ही कमाल मर्यादा मोजताना धरले जात नाही.

आता पैशांची मदत. तिचे दोन प्रकार आहेत.

पहिला, हप्त्यासाठीचे टॅक्स क्रेडिट, म्हणजे आयकराच्या हिशेबातून मिळणारी मदत. त्याचा पाया एक विशिष्ट योजना असते: आपल्या भागातली, स्वस्ताईत दुसऱ्या क्रमांकाची सिल्व्हर योजना. कायदा म्हणतो, अमुक उत्पन्नाच्या कुटुंबाने या योजनेसाठी उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांपर्यंत भरावे; त्यापुढची रक्कम सरकार देईल. २०२६ साठी ही टक्केवारी उत्पन्नानुसार २.१० ते ९.९६ आहे. क्रेडिटची रक्कम या पायाभूत योजनेवरून ठरते, पण ती कोणत्याही धातूच्या योजनेवर वापरता येते. त्यामुळे स्वस्त ब्राँझ घेतली तर कधी कधी हप्ता शून्यावर येतो आणि महाग गोल्ड घेतली तर वरचा सगळा फरक आपल्या खिशातून जातो.

२०२१ ते २०२५ या काळात ही मदत वाढवलेली होती: उत्पन्नाची वरची मर्यादा काढून टाकली होती आणि कोणालाही पायाभूत योजनेसाठी उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त भरावे लागत नव्हते. ती वाढ २०२५ अखेर संपली. याच प्रश्नावरून १ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकी सरकारचे कामकाज ४३ दिवस बंद राहिले, तरी मुदत वाढली नाही. त्यामुळे जुनी रेघ परत आली: दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत मदत, त्यापुढे काही नाही. २०२६ च्या विम्यासाठी एकट्या माणसाला ही रेघ ६२,६०० डॉलरांवर आहे आणि चौघांच्या कुटुंबाला १,२८,६०० डॉलरांवर.

ही रेघ किती निष्ठुर आहे ते आकड्यांत पाहावे. समजा, साठ वर्षांच्या एका एकट्या बाईच्या भागात पायाभूत योजनेचा हप्ता महिना १,००० डॉलर, म्हणजे वर्षाला १२,००० आहे. तिचे उत्पन्न ६२,००० असेल तर तिचा वाटा ९.९६ टक्के, म्हणजे सुमारे ६,१७५ डॉलर; उरलेले ५,८२५ सरकार देईल. तिने हजार डॉलर जास्त कमावले की उत्पन्न ६३,००० होते आणि पूर्ण १२,००० तिलाच भरावे लागतात. हजाराची कमाई तिला पावणेसहा हजारांना पडली. म्हणून रेघेच्या आसपास असलेली माणसे डिसेंबरपर्यंत उत्पन्नावर डोळा ठेवून असतात. पारंपरिक निवृत्ती खात्यात किंवा आरोग्य बचत खात्यात (उपचारखर्चासाठीच्या करसवलतीच्या खात्यात) नियमांत बसेल तेवढी रक्कम भरली तर हिशेबाचे उत्पन्न कमी होते, आणि हा मार्ग पूर्णपणे कायदेशीर आहे. २०२६ पासून बाजारातल्या ब्राँझ योजनांबरोबर आरोग्य बचत खाते उघडता येते, हा त्यातला नवा आधार.

अर्ज भरताना द्यायचे असते ते येत्या वर्षाचे अंदाजी उत्पन्न. सरकार त्या अंदाजावर दर महिन्याला कंपनीला पैसे पाठवते. वर्ष संपले की बाजाराकडून १०९५-ए हा कागद येतो आणि आयकर विवरणपत्राबरोबर ८९६२ क्रमांकाच्या फॉर्मवर खरा हिशेब होतो. मदत कमी घेतली असेल तर परत मिळते, जास्त घेतली असेल तर फेडावी लागते. पूर्वी चौपटीच्या आतल्या कुटुंबांना फेडीवर कमाल मर्यादा होती. २०२६ च्या कर वर्षापासून ती काढून टाकली आहे. टॅक्सीवाल्याचे, केटरिंग करणाऱ्या बाईचे, कंत्राटी प्रोग्रॅमरचे उत्पन्न महिन्यागणिक बदलते, आणि सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसणार आहे. उत्पन्न बदलताच संकेतस्थळावर जाऊन तो आकडा बदलणे, एवढाच उपाय त्यांच्या हातात आहे. नवरा-बायकोने विवरणपत्र वेगवेगळे भरले तर मोजके अपवाद सोडून क्रेडिट मिळतच नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा प्रकार फारसा कोणाला माहीत नसतो आणि खरे तर तोच गरिबाच्या जास्त कामाचा आहे. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीच्या आत असेल आणि योजना सिल्व्हरच घेतली, तर डिडक्टिबल व को-पेही कमी होतात. सर्वांत खालच्या पायरीवर, दीडपटीच्या आत, सिल्व्हर योजना ७० ऐवजी ९४ टक्के भार उचलते. म्हणजे सिल्व्हरच्या दरात प्लॅटिनमहून चांगला विमा. त्या उत्पन्नाचा माणूस हप्ता शून्य दिसतो म्हणून ब्राँझ घेतो तेव्हा हे सगळे गमावतो आणि पहिल्याच आजारपणात हजारो डॉलरांचे बिल अंगावर घेतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने या सवलतीची भरपाई कंपन्यांना देणे थांबवले. सवलत देणे मात्र कायद्याने बंधनकारकच राहिले. कंपन्यांनी तो खर्च सिल्व्हरच्या हप्त्यात घातला. सिल्व्हर महागली तसे तिच्यावरून मोजले जाणारे टॅक्स क्रेडिटही वाढले आणि काही भागांत गोल्ड सिल्व्हरहून स्वस्त झाली. त्यामुळे दारिद्र्यरेषेच्या दुपटीहून जास्त उत्पन्नाच्या माणसाने गोल्डचा भाव पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

नोकरीतून परवडणारा विमा मिळत असेल तर क्रेडिट मिळत नाही. २०२२ अखेरपर्यंत इथे एक विचित्र नियम होता: फक्त नोकरदाराचा स्वतःचा हप्ता परवडतो का एवढेच पाहिले जाई आणि त्यावरून बायकामुलांची मदतही नाकारली जाई. आता कुटुंबाचा हप्ता वेगळा तपासतात. नोंदणी बहुतेक राज्यांत दर वर्षी १ नोव्हेंबरपासून सुरू होते. एरवी नोकरी जाणे, लग्न, मूल होणे, दुसऱ्या राज्यात जाणे अशा कारणांनी साधारण ६० दिवसांची खास मुदत मिळते. नोकरी गेलेल्याला जुन्या कंपनीचाच विमा ‘कोब्रा’ कायद्याखाली पुढे ठेवता येतो, पण तेव्हा मालकाचा वाटाही स्वतः भरावा लागतो. त्या ६० दिवसांत बाजारातला भाव विचारलाच पाहिजे.

मराठी कुटुंबांत हा बाजार बहुधा आई-वडिलांच्या निमित्ताने येतो. पुण्याहून किंवा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांसाठी बाजार नाही, कारण त्यासाठी माणूस अमेरिकेत राहायलाच आलेला असावा लागतो. त्यांना ‘व्हिजिटर इन्शुरन्स’ घ्यावा लागतो आणि त्यात आधीच्या आजारांवर फार थोडे मिळते. ग्रीन कार्डावर आलेल्यांची गोष्ट वेगळी. ६५ च्या पुढे असले तरी अमेरिकेत काम केलेले नसल्याने त्यांना मेडिकेअर लगेच मिळत नाही. सलग पाच वर्षे राहिल्यावरच पैसे भरून घेता येते. मधल्या काळात बाजारच आधार, आणि मधुमेह किंवा बायपासवरून कोणी त्यांना नाकारू शकत नाही. इथे वयाचा भाव ६४ लाच थांबतो, त्यामुळे पंचाहत्तरीच्या आजोबांनाही ६४ च्याच दराने विमा मिळतो.

मदतीचे मात्र २०२६ पासून अवघड झाले आहे. आधी दारिद्र्यरेषेखालच्या, कायदेशीरपणे राहणाऱ्या नव्या स्थलांतरितांना क्रेडिट मिळत असे. जुलै २०२५ च्या कायद्याने ते बंद केले. दोघांच्या कुटुंबाला ती रेषा २१,१५० डॉलर, म्हणजे अठरा-एकोणीस लाख रुपयांच्या आसपास आहे. ग्रीन कार्डधारकाचे भारतातले पेन्शन आणि ठेवींचे व्याजही अमेरिकी करासाठी उत्पन्नात धरतात, तरी शिक्षक किंवा बँकेतून निवृत्त झालेल्या बहुतेक जोडप्यांचे उत्पन्न त्या रेषेच्या खालीच राहील आणि बहुतेक राज्यांत त्यांना पूर्ण हप्ता भरावा लागेल. मुलाने त्यांना आपल्या विवरणपत्रात अवलंबून दाखवले तर मुलाचे उत्पन्न धरले जाते, आणि ते बहुधा चौपटीच्या वर असते. म्हणून हा हिशेब विमानाचे तिकीट काढण्याआधी करावा.

एच-१बी, एल-१ या नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरच्यांना आतापर्यंत विमाही घेता येत होता आणि उत्पन्न बसले तर क्रेडिटही मिळत होते. १ जानेवारी २०२७ पासून क्रेडिट ग्रीन कार्डधारक आणि इतर एक-दोन ठरावीक गटांपुरतेच राहील. या व्हिसांवरच्या माणसाला बाजारातून विमा घेता येईल, पण पूर्ण किमतीला.