तारा झाकला तरी उरणारा उजेड

एकेकाळी सूर्याचं प्रभामंडल, म्हणजे त्याचं बाहेरचं विरळ वातावरण (करोना), पाहायचं तर खग्रास ग्रहणाची वाट पाहावी लागे, आणि हाती लागत ती जेमतेम काही मिनिटं. सूर्यबिंबापेक्षा हे प्रभामंडल सुमारे दहा लाख पट मंद. दुर्बिणीत सूर्याच्या प्रतिमेवर तबकडी ठेवून कृत्रिम ग्रहण घडवायची कल्पना अनेकांना सुचली होती. ती जमवली १९३० च्या सुमारास बर्नार लियो या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं, पिरेनीज पर्वतरांगेतल्या पिक द्यू मिदी वेधशाळेत, जवळपास २,९०० मीटर उंचीवर. त्यानं त्या उपकरणाला करोनाग्राफ म्हटलं.

त्याची युक्ती नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं बरंच काही तिच्यावरच उभं आहे. तबकडीनं बिंब झाकलं, तरी भिंगाच्या कडेपाशी वळलेला प्रकाश पुढे झिरपतोच. लियोनं तबकडीमागे आणखी एक भिंग बसवून पहिल्या भिंगाचीच प्रतिमा पाडली. त्या प्रतिमेत हा चुकार प्रकाश काठावर झगझगीत कड्यासारखा गोळा होतो. तिथे जरा लहान छिद्राचा पडदा लावला, की कडं अडतं आणि प्रभामंडलाचा प्रकाश मधून निघून जातो. हा पडदा म्हणजे ‘लियो स्टॉप’. शिवाय त्यानं मुख्य भिंगासाठी बुडबुडे आणि ओरखडे नसलेली काच वापरली.

दूरच्या ताऱ्यांकडे ही युक्ती वळली ती बरीच उशिरा. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाला बीटा पिक्टोरिस या ताऱ्याकडून अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेचा) प्रकाश येताना आढळला, म्हणजे त्याच्याभोवती धूळ असावी. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेतून, करोनाग्राफनं तारा झाकून, त्याच्याभोवतीची धुळीची चकती टिपली.

ग्रह टिपणं त्याहून कठीण. दृश्य प्रकाशात सूर्यापुढे गुरू साधारण अब्जांश. नुकताच जन्मलेला मोठा ग्रह मात्र आतून तापलेला असतो आणि अवरक्तात स्वतः झळकतो, त्यामुळे ही तफावत कितीतरी कमी होते. पण अवरक्ताची तरंगलांबी मोठी, म्हणून ताऱ्याची प्रतिमाही पसरट येते. मोठे आरसे लागतात आणि हवेची थरथर क्षणोक्षणी सुधारणारी अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स लागते. करोनाग्राफ आणि अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स यांची जोडी जमल्यावर कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीतून ग्लीस २२९ या ताऱ्याभोवतीचा तपकिरी बटू (ग्रहापेक्षा मोठा, पण ताऱ्यासारखा न पेटणारा गोळा) सापडला. १९९५ मध्ये तो जाहीर झाला.

तरीही ठिपके उरतच. आरशांतल्या सूक्ष्म दोषांमुळे ताऱ्याभोवती ग्रहासारखेच दिसणारे हे ‘स्पेकल’. त्यावरचा तोडगा मला सगळ्यांत देखणा वाटतो: दुर्बीण ताऱ्यावर रोखून प्रतिमेचं फिरणं न थांबवणं. आकाश हळूहळू फिरतं तसा ग्रह सरकतो, उपकरणाचे ठिपके जागीच राहतात, मग ते वजा करता येतात. २००८ मध्ये ख्रिस्तियाँ मारुआ यांच्या गटानं याच पद्धतीनं एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह दाखवले.

तबकडीचं रूपही बदललं. २००० मध्ये डॅनियल रुआँ आणि सहकाऱ्यांनी चार चतुर्थांशांचा मुखवटा सुचवला. तो तारा झाकत नाही, त्याच्या प्रकाशलहरींना एकमेकींविरुद्ध उभं करून विझवतो. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या मिरी उपकरणात असे मुखवटे आहेत, तिच्याच निअरकॅम या दुसऱ्या उपकरणातल्या तबकड्यांमागे आजही लियोचा पडदा आहे, आणि २०२२ मध्ये या दोन्ही उपकरणांनी मिळून एचआयपी ६५४२६ बी हा ग्रह टिपला.