किल्ली जवळ आहे, हे गाडीला कसं कळतं?

२८ जुलै २०१७ला टेस्लाने कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात मॉडेल ३च्या पहिल्या ३० गाड्या ग्राहकांना दिल्या, पण नेहमीची किल्ली काही दिली नाही. मालकाचा फोन हीच किल्ली. फोन बंद पडलाच तर एटीएम कार्डाएवढं एक कार्ड गाडीच्या दोन दारांमधल्या खांबाला टेकवायचं.

फोन आणि इलेक्ट्रिक गाडी यांची ओळख त्याआधीची. २०१०च्या अखेरीस आलेल्या निस्सान लीफमध्ये चार्जिंग किती झालं हे फोनवर दिसे, एसीही लावता येई. मात्र हा कारभार कंपनीच्या सर्व्हरमार्फत चाले. २०१६मध्ये ट्रॉय हंट या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिलं, की गाडीचा ओळख क्रमांक ठाऊक असला तर कुठल्याही देशात बसून दुसऱ्याच्या लीफचा एसी चालू करता येतो. निस्सानने ते ॲप काही काळ बंदच केलं. मॉडेल ३चा फोन ब्लूटूथने थेट गाडीशी बोलतो, मध्ये सर्व्हर लागत नाही. मग दुसरा प्रश्न येतो: फोन खरंच दारापाशी आहे, हे गाडीने कशावरून ठरवायचं?

हा प्रश्न फोनपेक्षा बराच जुना आहे. किल्ली धातूची होती तोवर तो पडलाच नाही, कारण ती कुलपात घालावीच लागे. १९८२मध्ये रेनो फ्युएगोला इन्फ्रारेड रिमोट आला आणि किल्ली गाडीपासून सुटी झाली. पुढच्या रेडिओ रिमोटचा ठरावीक संकेत चोर रेकॉर्ड करून पुन्हा वाजवत, म्हणून दर वेळी बदलणारे संकेत आले. किल्लीच्या मुठीत चिप बसली. ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर १९९८पासून युरोपातल्या नव्या गाड्यांना सक्तीचा झाला. इथवर सगळं ठीक होतं.

बिघडलं ते बटण दाबण्याचाही कंटाळा आल्यावर. किल्ली खिशातच ठेवा, दार आपोआप उघडेल, अशी सोय १९९०च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या एस-क्लाससारख्या महागड्या गाड्यांतून आली. गाडी एक क्षीण संकेत सोडते, तो ऐकून किल्ली उत्तर देते. संकेत क्षीण आहे, म्हणजे ज्याने तो ऐकला तो जवळच असणार, हे त्यामागचं गृहीतक. २०११मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या ऑरेलियाँ फ्रान्सियाँ आणि सहकाऱ्यांनी ते मोडीत काढलं. एक जण गाडीपाशी, दुसरा किल्लीवाल्यापाशी, आणि दोघांमध्ये संकेत पोचवणारी यंत्रणा. ८ कंपन्यांची १० मॉडेलं तपासली, दहाही फसली. सांकेतिक लिपी कुठेच फोडावी लागली नाही. गाडीला उत्तर खऱ्या किल्लीनेच दिलं होतं, फक्त लांबून.

फोनमधलं ब्लूटूथही अंतराचा अंदाज संकेताच्या जोरावरूनच बांधत होतं. त्यामुळे मे २०२२मध्ये एनसीसी ग्रुप या सायबर-सुरक्षा कंपनीच्या संशोधकाने हाच डाव मॉडेल ३वर यशस्वी करून दाखवला, याचं आश्चर्य वाटायला नको होतं. टेस्लाकडे गाडी हलवण्याआधी पिन मागायची सोय होती, पण ती मालकाने आठवणीने चालू करायची.

दरम्यान वाहन आणि फोन कंपन्यांच्या कार कनेक्टिव्हिटी कन्सोर्शियम या संघटनेने फोन-किल्लीसाठी सामायिक मानक तयार करायला घेतलं होतं. पहिली आवृत्ती २०१८ची. जून २०२०मध्ये ॲपलने आयफोनमधली किल्ली जाहीर केली ती बीएमडब्ल्यूच्या ५ सिरीजसाठी, म्हणजे इंजिनवाल्या गाडीसाठीही. फोन-किल्लीचा विजेवर चालण्याशी थेट संबंध नाही. इलेक्ट्रिक गाड्या पाटी कोरी ठेवून घडवल्या गेल्या, म्हणून ती तिथे लवकर रुळली इतकंच. ॲपलच्या या किल्लीत एनएफसी होतं, म्हणजे अगदी जवळूनच चालणारा रेडिओ संपर्क. फोन हँडलला जवळजवळ टेकवावाच लागतो, त्यामुळे दूरच्या चोराचं काम अवघड. शिवाय बॅटरी संपून आयफोन बंद झाल्यावरही ती ५ तासांपर्यंत चालू शकते.

खरा तोडगा मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीत आला, जुलै २०२१मध्ये: अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी. इथे संकेताचा जोर नाही, त्याला लागलेला वेळ मोजतात. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जाते. मध्ये कोणीही घुसला तरी तो वेळ वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. चोराची अडचण थेट भौतिकशास्त्राशी जोडणारी ही युक्ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. तिच्यासाठी लागणारी चिप आयफोन ११मध्ये २०१९पासून होतीच.

आपल्याकडे सुरुवात दुचाकीने केली. ऑगस्ट २०२१मध्ये आलेल्या ओला एस१ला किल्लीचं भोकच नव्हतं. फोन नाहीतर स्क्रीनवरचा पिन. जानेवारी २०२५मधल्या ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिकचं दार एनएफसीवाल्या फोनने उघडतं. जुलै २०२५मध्ये टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडलं, तेव्हा मॉडेल वाय फोन आणि कार्ड या जोडीसकटच आली.

राहिली एक जुनाट अडचण. दाराचं इलेक्ट्रॉनिक कुलूप मोठ्या बॅटरीवर नाही, छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ती पूर्ण उतरली तर फोन कितीही जवळ असो, दार ढिम्म. म्हणून मॉडेल ३च्या पुढच्या बंपरमध्ये, टोइंगचा हूक लावायच्या झाकणामागे, दोन वायरी ठेवलेल्या असतात. त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की बॉनेट उघडतं आणि आतल्या त्या छोट्या बॅटरीपर्यंत पोचता येतं.