कंदिलाची वात आणि मच्छर-मशीनची वात: कापायची कोणती, हात लावायचा नाही कोणत्या वातीला

गेल्या पावसाळ्यात अमळनेर तालुक्यात मावशीकडे मुक्कामाला होतो. प्लगमध्ये खोचायच्या, बाटलीतल्या द्रवावर चालणाऱ्या मच्छर-मशीनने डास हटेनासे झाले, तेव्हा मावशीने बाटली काढली, मांडीवर वर्तमानपत्राचा तुकडा पसरला आणि दाढीच्या पात्याने त्या काडीसारख्या वातीचे काळे टोक सावकाश खरडले. कागदावर चिमूटभर काळी पूड पडली. "वात कायी पडनी व्हती, म्हनीसन खरडी टाकी," असे तिने अहिराणीत सांगितले. कंदिलाच्या बाबतीत हेच काम तिने चाळीस वर्षे केले होते आणि तिथे ते बरोबरच होते. मशीनच्या बाबतीत मात्र ते नेमके उलटे पडले, कारण वात हा शब्द एक असला तरी त्या दोन वस्तूंचे काळे पडणे एक नाही.

घोळ होण्याला कारणही आहे. दोन्ही वाती एकाच तत्त्वावर, म्हणजे केशाकर्षणावर चालतात: बारीक छिद्रांतून किंवा धाग्यांच्या फटींतून द्रव आपोआप वर चढतो. शिवाय मच्छर-मशीनच्या बाटलीत कीटकनाशकाचा अंश अगदी थोडा असतो आणि उरलेला बराचसा द्रव बहुधा गंध काढलेले रॉकेलच असते, त्यामुळे कंदील आणि मशीन ही लांबची भावंडे आहेत असे म्हटले तरी चालेल. फरक पडतो तो द्रव टोकाशी पोहोचल्यानंतर. कंदिलात रॉकेलची वाफ होते आणि ती वाफ पेटते. मशीनमध्ये नुसतीच वाफ होते, पेटत काहीच नाही आणि पेटताही कामा नये.

कंदिलाची वात ही विणलेल्या सुताची चपटी पट्टी असते. ज्योत तिच्या टोकावर दिसते, म्हणून वातच जळते असा समज होतो, पण जोवर रॉकेल वर चढत आहे तोवर त्याची वाफ होताना बरीच उष्णता खर्ची पडते आणि सूत त्यामानाने थंड राहते. टाकी कोरडी पडली की मात्र सूतच जळू लागते आणि वात आखूड होते. नवी वात घातल्यावर अर्धा तास तरी रॉकेलात मुरू द्यावी असे जुनी माणसे सांगत, त्यामागचे कारण हेच आहे. टोकाला जमणारा कोळसा हा तिथला नेहमीचा मळ आहे, आणि तो काढलाच पाहिजे, कारण त्याच्या खडबडीत कडेमुळे ज्योतीला शिंगे फुटतात आणि काच काजळते. कंदील पूर्ण थंड झाल्यावर वात नळीच्या कडेपर्यंत वर घ्यावी, कोळसा फडक्याने चोळून झाडावा, आणि तेवढ्याने भागले नाही तरच धारदार कात्रीने एका सरळ रेषेत कापून दोन्ही कोपरे किंचित उतरते करावेत. सुटा राहिलेला एकच धागा ज्योत वाकडी करायला पुरतो. काच एकाच बाजूने काळी होत असेल तर वात तिरकी बसली आहे असे समजावे. सगळीकडून काळी होत असेल तर वात फार वर आहे किंवा बर्नरची हवेची छिद्रे बुजली आहेत, आणि ही छिद्रे बहुतेकदा वातीच्याच जळक्या कणांनी बुजतात. वात तडतडत असेल तर रॉकेलात पाणी आहे. अशा वेळी कापून उपयोग होत नाही. टाकी रिकामी करून वात उन्हात खडखडीत वाळवावी लागते.

उन्हाळ्याबद्दल येथे एक सांगितले पाहिजे. साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे रॉकेलची वाफ ठिणगीने पेट घेण्याइतकी साचू लागते, आणि भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांना टेकतो. पत्र्याच्या खोलीत, शेजारी चूल चालू असताना कंदील भरणे आपल्याकडे म्हणूनच अधिक धोक्याचे आहे.

मशीनमधली वात ही दाबून घट्ट केलेली सच्छिद्र कांडी असते. तिच्या टोकाभोवती तापणारे कडे असते, पण ते वातीला टेकत नाही. दोघांमध्ये थोडी फट राखलेली असते. बऱ्याच मशिनींत या कड्यात सिरॅमिकची अशी चकती असते की ती तापली की तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, त्यामुळे तापमान एका मर्यादेपुढे जात नाही. द्रव उडून जातो आणि न उडणारा चिकट अंश मागे राहून टोकाला काळसर करतो. हा कोळसा नव्हे. तो पृष्ठभागाच्या छिद्रांतच बसलेला असतो, म्हणून खरडल्याने छिद्रे मोकळी होत नाहीत, उलट भुकटीने आणखी बुजतात; वात आखूड होऊन तिचे टोक कड्याच्या खाली जाते आणि वाफ अधिकच कमी होते. मावशीच्या मशीनचे तसेच झाले. नवी बाटली आणली की नवी वात तिच्यासोबतच येते, आणि या वातीची देखभाल म्हणजे एवढेच आहे. मशीनचे कडे पुसायचे असल्यास प्लग काढून, थंड झाल्यावर, कोरड्या फडक्याने पुसावे.

रिकाम्या बाटलीत कडुनिंबाचे तेल आणि कापूर भरून तीच वात पुन्हा वापरण्याची युक्ती घरोघरी ऐकू येते. मला ती पटत नाही. जाड तेल त्या बारीक छिद्रांतून नीट चढत नाही आणि टोकाशी करपून चिकटते.

ई-सिगारेटची वात या दोघींच्या मधली आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे, तेव्हा तिचा उल्लेख केवळ तुलनेपुरता. तिथे वात बहुधा कंदिलासारखी कापसाची असते, काम मात्र मशीनसारखे, न पेटता वाफ करण्याचे, आणि तापणारी तार मात्र कापसाला थेट टेकलेली असते. द्रव कमी पडताच कापूस करपतो आणि करपलेला कापूस धुऊन सुधारत नाही, तो बदलावाच लागतो. तारेवर बसणारा काळा थर मुख्यतः द्रवातल्या गोडव्याचा असतो. म्हणजे एकाच जागी करपलेली वात आणि थर धरलेली तार (कॉइल) असे दोन वेगळे दोष असतात, आणि दोन्हींना लोक जळका वास हे एकच नाव देतात.

मावशीने त्या खरडलेल्या वातीची पूड कागदासकट चुलीत टाकली होती. त्या पुडीत कीटकनाशकाचा अंश असतो, म्हणून पुढच्या खेपेला जुनी बाटली वातीसकट, झाकण लावून कचऱ्यात गेली, आणि पाते पुन्हा कंदिलाच्या खणात ठेवले गेले.