रेघ की भिंत?

एका खिडकीची रुंदी चार फुटांवरून पाच फूट करायची आहे. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ऑफिसात हा बदल चार ठिकाणी होतो: प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन आणि दारं-खिडक्यांचं शेड्यूल. त्यातली एक जागा हमखास राहते आणि साइटवर गवंड्याच्या हातात नेमकं तेच ड्रॉईंग पडतं. रेव्हिट किंवा आर्किकॅड या इमारतीचं मॉडेल उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खिडकी एकदाच बदलायची, कारण तिथे ती चार रेघांचा चौकोन नसते, भिंतीत बसवलेली वस्तू असते. ऑटोकॅडला फक्त रेघ कळते. ती भिंतीची की गटाराची, हे आपल्या डोक्यात.

ऐकून वाटतं, आधी रेघा काढणारं सॉफ्टवेअर आलं आणि मग कुणाला तरी मॉडेल सुचलं. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. 1963 मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडने स्केचपॅड हा पडद्यावर रेघा काढायचा प्रोग्रॅम केला, तेव्हाच ‘या दोन रेघा समांतर राहू दे’ असं यंत्राला सांगता येत होतं. 1975 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी लिहून ठेवलं की इमारतीचं वर्णन संगणकात एकाच जागी असावं, नकाशे त्यातून काढावेत, म्हणजे एक बदल सगळीकडे आपोआप पोचेल. आज बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) म्हणून जे विकलं जातं त्याचा गाभा हाच. ऑटोकॅड यायला तेव्हा सात वर्षं बाकी होती.

तरी जिंकलं ऑटोकॅड. ईस्टमन यांच्या कल्पनेला पेलेल असा संगणक आर्किटेक्टच्या टेबलावर नव्हता. 1982 च्या शेवटी आलेलं ऑटोकॅड मात्र साध्या पीसीवर चालायचं. शिवाय त्याने ड्रॉईंग बोर्डाचीच नक्कल केली: ट्रेसिंग पेपरच्या जागी लेयर, रोट्रिंग पेनाच्या जागी लाइनवेट. टी-स्क्वेअर धरणाऱ्या ड्राफ्ट्समनला नव्याने विचार करावा लागला नाही, फक्त हात बदलावा लागला. माझ्या मते त्याच्या यशाचं निम्मं श्रेय या नकलेलाच आहे.

त्याच 1982 मध्ये बुडापेस्टला गाबोर बोयार यांनी ग्राफिसॉफ्ट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. पोलादी पडद्याआड मोठी यंत्रं मिळणं मुश्कील, म्हणून छोट्या यंत्रांवरच त्रिमिती बसवायची. हंगेरीतल्याच पाक्शच्या अणुवीज प्रकल्पातल्या पाइपांच्या जंजाळाचं काम त्यांनी केलं आणि त्याच वाटेने पुढे मॅकवरचं आर्किकॅड आलं. 1987 पासून ते आपल्या मॉडेलला ‘व्हर्च्युअल बिल्डिंग’ म्हणत होते.

रेव्हिट आलं यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करणाऱ्यांच्या दुनियेतून. ते बनवणारी कंपनी 1997 मध्ये निघाली, पहिली आवृत्ती 2000 मध्ये आली. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने तोवर ऑटोकॅडवरच भिंती-दारं चढवून पाहिली होती, पण 2002 मध्ये तिने 13.3 कोटी डॉलर मोजून रेव्हिटच विकत घेतलं. तेव्हापासून रेघही तिचीच, भिंतही तिचीच. याचा जाच काय असतो, ते 2020 मध्ये ब्रिटनमधल्या नामांकित आर्किटेक्ट फर्मनी तिला जाहीर पत्र लिहून सांगितलं: पैसे वाढत चाललेत, रेव्हिट मात्र आहे तिथेच. गंमत अशी की रेव्हिटला तिथे जोर चढला त्यात सरकारी सक्तीचाही वाटा होता. 2016 पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना ब्रिटनने बिम बंधनकारक केलं होतं.

आपल्याकडे नागपूर मेट्रोने फाइव्ह-डी बिम वापरलं, म्हणजे मॉडेलला वेळापत्रक आणि खर्चही जोडला. पण मेट्रो वेगळी आणि कोथरूडमधलं सहा जणांचं ऑफिस वेगळं. तिथे कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं हा निर्णय बहुतेकदा महापालिकेची मंजुरीची खिडकी करते. पुण्यासारख्या महापालिकेत नकाशा नियमांनुसार तपासणाऱ्या ऑटोडीसीआरसारख्या सॉफ्टवेअरला डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल लागते. प्लॉटची हद्द, बांधकाम, पार्किंग, सगळं ठरलेल्या नावाच्या लेयरवर, तेही बंद पॉलिलाइनमध्ये, म्हणजे सलग जोडलेल्या रेघांच्या बंद आकृतीत. एफएसआय आणि साइड मार्जिन त्यावरून मोजले जातात. त्यामुळे अख्खी इमारत रेव्हिटमध्ये उभी केलेली असली, तरी सबमिशनच्या आदल्या रात्री कुणीतरी ऑटोकॅड उघडून त्याच भिंतींवरून पुन्हा रेघा गिरवत बसलेलं असतं.