हजेरी: चौकीतली आणि वर्गातली

कोल्हापूरच्या माळावर पालं टाकून राहणाऱ्या फासेपारध्यांच्या म्हाताऱ्या माणसांना 'हजेरी' म्हटलं की आधी आठवते ती पोलीस चौकी. त्यांच्या नातवंडांच्या शाळेचा विचार करताना इथूनच सुरुवात करावी लागते.

1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरल्या. ठरल्या वेळी चौकीत हजर राहायचं, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. शेजारच्या सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेगळी वाट धरली. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला आणलं, राहायला जागा दिली, हाताला काम दिलं. 1918 साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरीही संस्थानात बंद केली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1917 मध्ये, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं होतं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळात हे धाडस फार मोठं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पण सक्ती गावाच्या वेशीपर्यंतच पोचते. आज इथं, महिन्याभरानं पुढच्या माळावर, अशा बिऱ्हाडाचं पोर कुठल्या शाळेच्या पटावर घ्यायचं? 31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. संशय मात्र गेला नाही. पुढं फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आले, आश्रमशाळा आणि वसतिगृहांचा हक्क मिळाला. 2010 पासून शिक्षण हक्क कायदा आहे, वाडीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असं तो सांगतो. पाल हललं की ते अंतरही हलतं.

भाषेची अडचण त्याहून नाजूक. पारधी बोली गुजरातीच्या जवळची. पहिलीच्या वर्गात मराठी ऐकणारं पोर गप्प बसतं आणि 'मंद' म्हणून मागच्या ओळीत जातं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात, गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. कोल्हापूरच्या माळावर तेच हवं आहे: पालाशेजारी वर्ग, आणि पारधी बोलणारी ताई.

पोर शाळेत आलं तरी कागद आडवा येतो. जन्माची नोंद नसली की रजिस्टरात 1 जून ही तारीख पडते, पालातलं हाकेचं नाव जाऊन भलतंच नाव लागतं. हजेरी घेताना ते नाव पुकारलं जातं आणि पोरगी मान वर करत नाही, कारण ते आपलं आहे हेच तिला ठाऊक नसतं. पुढं शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला, आणि दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधी घरचं कुणी महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा. शाळेचा दाखला, सातबारा, असलं काहीतरी. तिच्या पणजोबाकडं ना शाळा होती, ना जमीन. त्याचं नाव लिहिलं जायचं ते चौकीतल्या वहीत.