शिकारी आणि ‘चोरटा शिकारी’ : केनियातील वन्यजीव-ऱ्हासाची पार्श्वभूमी

आफ्रिकेतल्या हत्ती-गेंड्यांची बातमी मराठीत छापून आली की तिच्यात ‘चोरटी शिकार’ हे शब्द असतातच. शिकार नुसतीही असते आणि चोरटीही असते, हा फरक केनियात जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. तो कोणी आणि कशासाठी पाडला हे पाहिले, तर तिथली जनावरे कशी आटली याचाही बराचसा उलगडा होतो.

आधीचे थोडक्यात. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप भागातले ब्लूबक हरीण १८०० च्या सुमारास संपले. क्वागा हा पुढच्या अर्ध्या अंगावरच पट्टे असलेला झेब्रा. त्याच्या कातड्याची धान्यासाठी पोती शिवत. शेवटचा क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला, आणि तो शेवटचा होता हे तेव्हा कोणाच्या ध्यानातही आले नाही. १८६० मध्ये ब्लूमफाँटेनजवळ इंग्लंडच्या सोळा वर्षांच्या राजपुत्रासाठी हाका घालून हजारो जनावरे बंदुकांपुढे आणली होती. ती त्या काळी मेजवानीसारखी गोष्ट होती.

पूर्व किनाऱ्यावर साहेबाच्या आधी व्यापार पोचला होता. झांजिबारच्या जकातीचा मक्ता एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षे एका कच्छी भाटिया पेढीकडे होता. हस्तिदंत हमालांच्या खांद्यांवरून किनाऱ्याला यायचा आणि तिथून गलबतांनी मुंबईला. थोडा इथे बांगड्यांसाठी कातला जायचा, उरलेला लंडनला जायचा. पुढे त्याचे बिलियर्डचे चेंडू आणि पियानोच्या पट्ट्या व्हायच्या. त्यामुळे ‘गोऱ्यांनी मारले’ एवढे म्हणून मुंबईला हात झटकता येत नाहीत.

मग बुळकांडी आली. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना गुरांचा हा रोग समजावून सांगावा लागत नाही. १८८७-८८ च्या सुमारास इटालियन सैन्याच्या गुरांबरोबर तो तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात उतरला असे मानतात. ती गुरे भारतातून आली की आणखी कुठून, यावर वाद आहे. दहा वर्षांत रोग थेट केपपर्यंत गेला. दहांतली आठ-नऊ गुरे मेली, त्यांच्यासोबत रानम्हशी, जिराफ आणि कुडू, इलंड ही मोठी हरणेही मेली. गुरांवर जगणाऱ्या मसाई लोकांवर त्यातच देवी आणि दुष्काळ कोसळला. त्या वर्षांना ते ‘एमुताई’ म्हणतात, म्हणजे सारे पुसून टाकणारा काळ. इंग्रज अधिकारी केनियात ठाणी मांडत होते ते नेमके तेव्हाच. गुरे नाहीत, माणसे पांगलेली, असा उजाड मुलूख त्यांनी पाहिला आणि हे माणसाचा हात न लागलेले रान आहे असे धरून चालले. पुढचे बरेच कायदे या गैरसमजावर उभे आहेत.

त्यांचा साचा म्हणजे १९ मे १९०० चा लंडन करार. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि काँगो फ्री स्टेट, म्हणजे बेल्जियमच्या राजाची खासगी जहागीर, अशा सात सह्या. आफ्रिकी सही एकही नाही. आफ्रिकेच्या वन्यजीव-रक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार म्हणून आजही त्याचे नाव आदराने घेतले जाते. त्यातल्या याद्या वाचल्या की तो आदर जरा आवरता घ्यावासा वाटतो. जिराफ, गोरिला, चिंपांझी यांना पूर्ण अभय. गिधाडांनाही अभय, कारण ती उपयोगी. सिंह, बिबटे, तरस, रानकुत्रे, मगरी, अगदी पाणमांजरेसुद्धा उपद्रवी ठरली. त्यांची संख्या घटवायची आणि मगरींची अंडी शोधून फोडायची. हत्तीचा पाच किलोंहून हलका सुळा सापडला तर जप्त. हे सगळे एक वेळ समजून घेता येईल. पण जनावर धरायच्या पद्धतींवर बोट ठेवायची वेळ आली तेव्हा बंदी सुचवली गेली ती जाळ्यांवर आणि खड्ड्यांवर. रायफल मात्र परवाना घेऊन चालणार होती. जाळी आणि खड्डे कोणाचे, रायफल कोणाची, हे सह्या करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

गंमत अशी की बहुतेक देशांनी मंजुरी न दिल्याने हा करार अमलात आलाच नाही. तरी वसाहतींनी आपापले कायदे त्याच्याच वळणाचे केले. १९०३ मध्ये लंडनमध्ये एक संरक्षण-संस्था निघाली. तिच्या सभासदांत निवृत्त शिकाऱ्यांचा भरणा एवढा होता की लोक तिला ‘पस्तावलेले खाटीक’ म्हणू लागले.

केनियात बाहेरून येणाऱ्या हौशी शिकाऱ्याचा परवाना ७५० रुपयांना मिळे, म्हणजे ५० पौंडांना. रुपये अशासाठी की १९२० पर्यंत तिथे आपलाच चांदीचा रुपया चाले. १९०९-१० मध्ये अमेरिकेचे एक माजी अध्यक्ष संग्रहालयासाठी नमुने गोळा करायला मुलाला घेऊन आले. केनियापासून सुदानपर्यंतच्या त्या फेरीत बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली : १७ सिंह, ११ हत्ती, २० गेंडे आणि बाकीची इतर. याला मोहीम म्हणतात.

किनाऱ्यामागच्या कोरड्या झुडपी रानात वाटा नावाचे लोक राहतात. हत्ती हेच त्यांचे अन्न होते. त्यांचे धनुष्य इतके ताठ असते की धडधाकट परक्याला ते पुरते ओढता येत नाही. एका झाडाचे लाकूड तासन्‌तास उकळून डांबरासारखा काळा, चिकट, विषारी अर्क काढायचा, तो बाणाच्या टोकाला थापायचा आणि वाळू नये म्हणून वर पातळ कातड्याची पट्टी गुंडाळायची. ही पट्टी नेम धरण्याआधी सोडायची. एवढ्या कसबाच्या माणसाला नव्या कायद्याने एकच नाव दिले : चोरटा शिकारी. पारध्यांना आधी गुन्हेगार जमात ठरवून मग त्यांच्या पोटापाण्याकडे पाहणारे कायदे आपण अनुभवले आहेत, म्हणून ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. योगायोग असा की कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांत काळविटामागे सोडायला चित्ते आफ्रिकेतूनच येत. १९१८ ते १९४५ दरम्यान भारतात असे सुमारे २०० आणले गेले. ती शिकार अर्थातच चोरटी नव्हती.

सरकारने स्वतः मारलेली जनावरे कोणत्याही यादीत गुन्हा म्हणून येत नाहीत. केनियातल्या मकुएनी भागात कांबा लोकांना जमीन द्यायची म्हणून ऑगस्ट १९४४ ते ऑक्टोबर १९४६ या सव्वादोन वर्षांत एका सरकारी शिकाऱ्याने ९९६ गेंडे मारले. वाटांनी बाणांनी इतके गेंडे कधी मारले असतील असे वाटत नाही. दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, गुरांना रोग देणारी आणि रानटी जनावरांच्या रक्तावर जगणारी त्सेत्से माशी हटवण्याच्या नावाखाली पडलेल्या जनावरांचा हिशेब तर लाखांत आहे.

१९४८ मध्ये त्सावो राष्ट्रीय उद्यान झाले आणि वाटांची शिकारीची राने त्यात गेली. चोरट्या शिकारीविरुद्धच्या १९५६-५७ च्या धडक मोहिमेत त्यांतले कित्येक तुरुंगात पडले. मोहीम यशस्वी झाल्याचे अहवाल निघाले. मग काही अधिकाऱ्यांनाच चुटपुट लागली असावी, कारण १९६० मध्ये उद्यानाच्या पूर्वेला गालाना नदीकाठी एक योजना आखली गेली : वाटांनी सरकारी देखरेखीखाली, ठरावीक संख्येत, कायदेशीरपणे हत्ती मारावेत. ती पैशाच्या हिशेबात बसली नाही आणि तिथे गुरांचे कुरण झाले. इकडे उद्यानात हत्ती वाढत गेले, झाडे मोडली, झुडपी रानाचे गवताळ माळ झाले. संख्या छाटावी की निसर्गावर सोडावे यावर शास्त्रज्ञ आणि उद्यानाचे प्रमुख यांचे चांगलेच वाजले. निसर्गावर सोडावे हे प्रमुखांचे म्हणणे टिकले. १९७०-७१ च्या दुष्काळात सुमारे ६,००० हत्ती उपासमारीने मेले, त्यात माद्या आणि पिले जास्त.

त्यानंतर जे झाले त्याला ‘चोरटी’ हा शब्द खरोखर लागू पडतो. हस्तिदंताचा भाव चढला, स्वयंचलित बंदुका आल्या, वरपर्यंत हात ओले झाले. १९७३ मध्ये केनियात १,६७,००० हत्ती होते, १९८९ मध्ये १६,००० उरले. काळे गेंडे सुमारे २०,००० वरून ४०० च्या खाली आले. मधल्या काळात, १९७७ मध्ये, परवान्याची शिकारही बंद झाली. जुलै १९८९ मध्ये नैरोबीजवळ १२ टन हस्तिदंताची होळी केली गेली, त्याच वर्षी जागतिक व्यापारबंदीचा निर्णय झाला, आणि १९९१ मध्ये भारतानेही आफ्रिकी हस्तिदंताचा धंदा कायद्याने बंद केला. २०२१ च्या मोजणीत केनियात ३६,२८० हत्ती भरले.

२०१३ च्या केनियन कायद्यात हस्तिदंत-तस्करीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्याच कायद्यात पोटापुरती केलेली शिकारही गुन्हा आहे, वेगळ्या कलमाखाली.